मॉनिटर कुठला घ्यावा? (गेमिंगसाठी नव्हे!)

आपल्या हॉस्टेलमध्ये कुणी नवा मॉनिटर आणला की बघायला जमणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. "किती हर्ट्झचा रे?" "रिस्पॉन्स टाइम किती?" आणि "कितीला पडला?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं खोक्यावर छापलेली असतात. तिसऱ्याचं उत्तर जो तो घरी सांगताना दोन हजारांनी कमी करतो आणि हॉस्टेलवर सांगताना दोन हजारांनी वाढवतो. मित्रांनो, हेच तीन प्रश्न मला यंदा अगदी वेगळ्या कारणासाठी पडले. खोक्यावरच्या उत्तरांवर किती विसंबायचं, हे शोधता शोधता इलेक्ट्रॉनिक्सचा जेवढा अभ्यास झाला तेवढा एखाद्या पेपरसाठीही कधी केला नव्हता.

कारण होतं माझ्या ताईचं डिझर्टेशन. ताई एम.ए. सायकॉलॉजी करते. तिचा विषय आहे चौथीतल्या मुलांचं वाचन, त्यातही जोडाक्षरं. पडद्यावर आधी एक अधिकचं चिन्ह येतं, मुलाने तिथे नजर ठेवायची. मग 'पुष्प', 'रात्र', 'बुद्धी' असा एक शब्द क्षणभर चमकतो, ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. लगेच त्याच जागी रेघोट्यांचा गिचमिड ठोकळा येतो. याला ते लोक मास्क म्हणतात. मास्क का, तर शब्द पडद्यावरून गेला तरी डोळ्यात त्याचा ठसा थोडा वेळ राहतो आणि मूल त्या ठशावरून वाचू शकतं. मास्क तो ठसा पुसतो. मग मुलाला विचारायचं, काय दिसलं? ५० ला नाही ओळखलं तर १००, नाही तर १५०. कोणत्या मुलाला कोणतं जोडाक्षर किती वेळात कळतं याचा तक्ता करायचा. एक शाळा जालना शहरातली, दुसरी घनसावंगी तालुक्यातली जिल्हा परिषदेची.

सुरुवातीला बेत असा होता की प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर न्यायचा आणि त्या त्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर चालवायचा. शहरातल्या शाळेत कॉम्प्युटर लॅब आहे, खेड्यातल्या शाळेत भिंतीवर मोठा टीव्ही आहे. ताईने मला एवढंच विचारलं, "अरे, दोन्हीकडे ५० म्हणजे ५०च ना?"

या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते साधं प्रकरण नाही. समजा, शहरातली मुलं ५० मिलिसेकंदांत शब्द ओळखतात आणि खेड्यातल्या मुलांना १०० लागतात. ताईच्या तक्त्यात तो फरक मुलांच्या नावावर पडणार. पुढे कुणीतरी त्यावरून लिहिणार की ग्रामीण विद्यार्थ्यांचा वाचनवेग कमी. आणि खरा फरक निघाला टीव्हीचा आणि मॉनिटरचा, तर? पडद्याचं खापर नऊ वर्षांच्या पोरांच्या डोक्यावर फुटणार, आणि ते कुणाला कधी कळणारही नाही, कारण आकडे तर व्यवस्थितच दिसणार. शाळेची परवानगी मोजक्या दिवसांची. एकदा दिवस गेले की पुन्हा मोजणं नाही.

तर आधी हे समजून घेऊ की पूर्वी हे काम कसं व्हायचं. सायकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला टॅचिस्टोस्कोप नावाचं एक यंत्र असायचं, काही कॉलेजांच्या कपाटात ते अजूनही सापडेल. जर्मनीत १८५९ च्या सुमाराला निघालेली ही कल्पना. पुण्याच्या कोठुरकर आणि श्यामला वनारसे यांचं 'एक्सपेरिमेंटल सायकॉलॉजी' हे १९८६ सालचं पुस्तक ताईच्या टेबलावर कायम उघडं असतं, आणि त्या पिढीचं सगळं शास्त्र अशाच लाकडी-पत्र्याच्या यंत्रांवर उभं राहिलं. टॅचिस्टोस्कोपच्या साध्या प्रकारात फट असलेली एक फळी वरून खाली पडते आणि फट चित्रासमोरून जाताना तेवढाच वेळ चित्र दिसतं. फर्स्ट इयरचं गणित आठवा. फटीची खालची कड २० सेंटिमीटर पडून आली आणि फट १० सेंटिमीटरची असेल, तर चित्राच्या एका बिंदूसमोरून ती जायला साधारण ४५ मिलिसेकंद लागतात. जालन्यात तेवढेच, घनसावंगीत तेवढेच. g ला ब्रँड नसतो आणि त्याला सेटिंगचा मेनूही नसतो.

कॉम्प्युटर आला आणि फळीची जागा पडद्याने घेतली. सोय झाली, पण वेळ आपल्या हातातून गेला. कसा, ते पंगतीच्या उदाहरणाने सांगतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर म्हणजे सेकंदाला ६० पंगती उठतात. एक पंगत १६.७ मिलिसेकंदांची. पंगत बसली की मधेच कुणाला वाढता येत नाही आणि मधेच कुणाला उठताही येत नाही. तुमचं चित्र तयार आहे पण पंगत नुकतीच बसली, तर पुढच्या पंगतीपर्यंत दारात उभं राहायचं. म्हणून ६० हर्ट्झवर १६.७, ३३.३, ५० अशाच वेळा मिळतात. २० मिलिसेकंद मिळत नाहीत, ४० मिळत नाहीत. प्रोग्रॅममध्ये ४० लिहा, तो तक्रार करणार नाही, मुकाट्याने ३३ किंवा ५० दाखवेल. एखाद्या अहवालात ६० हर्ट्झचा मॉनिटर आणि २० मिलिसेकंदांचं चित्र असं एकत्र दिसलं तर समजावं की लिहिणाऱ्याने मोजलेलं नाही.

पंगत चुकणं हा दुसरा प्रकार. मागे अँटिव्हायरस चाललाय, विंडोज अपडेट उतरतंय, ब्राउझरमध्ये बारा टॅब उघडे आहेत, आणि नेमकं चित्र तयार व्हायला एक मिलिसेकंद उशीर झाला. उशीर एकाचा, दंड १६.७ चा. गेममध्ये याला आपण 'लॅग मारला' म्हणतो आणि विसरून जातो. इथे तो एका मुलाच्या उत्तरात कायमचा जाऊन बसतो. पायथॉनवर चालणारं सायकोपाय हे फुकट सॉफ्टवेअर प्रत्येक पंगतीचा हिशेब ठेवू शकतं आणि चुकलेल्या पंगती मोजून देतं. सायकटूलबॉक्स त्याहून जुनं, १९९७ पासूनचं, तेही चांगलं आहे. म्हणजे सॉफ्टवेअरची बाजू बरीच सुटलेली आहे. भानगड पुढे आहे. सॉफ्टवेअरला एवढंच कळतं की चित्र ग्राफिक्स कार्डातून केव्हा निघालं. काचेवर केव्हा उमटलं हे त्याला कुणी सांगत नाही!

आता पडद्यांकडे वळू. आपल्या स्टोअररूममध्ये धूळ खात पडलेले जाडजूड सीआरटी मॉनिटर तुम्ही पाहिले असतील. दृष्टीचा अभ्यास करणाऱ्यांचं त्यांच्यावर फार प्रेम होतं, काहींचं अजून आहे. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत एक-एक ओळ रंगवत वरून खाली येतो. झोत पडला की फॉस्फर ठिणगीसारखा पेटतो आणि थोड्याच मिलिसेकंदांत विझतो. चित्र यायला उशीर जवळजवळ नाही, आणि प्रत्येक वेळी वागणूक तीच. पण गंमत अशी की सीआरटीवर चित्र सलग 'दिसत' नाही, ते ठिणग्यांनी दिसतं. तीन पंगतींचं चित्र म्हणजे तीन ठिणग्या. पहिली शून्याला, दुसरी १६.७ ला, तिसरी ३३.३ ला, आणि मग अंधार. म्हणजे खरा उजेड ३३ अधिक फॉस्फर विझायचा वेळ, एवढाच. १९९८ मध्ये ब्रिजमन नावाच्या संशोधकाने हेच लिहून दाखवलं, की n पंगती दाखवल्यात तर वेळ n गुणिले पंगत असा लावू नका, (n−१) गुणिले पंगत अधिक फॉस्फरचा वेळ असा लावा.

एलसीडीचं उलट. तिथे पिक्सेल एकदा उघडला की पुढची पंगत येईपर्यंत उघडाच. तीन पंगती म्हणजे जवळपास पूर्ण ५०. म्हणजे एकच प्रोग्रॅम, एकच '५०', पण एका पडद्यावर पस्तीस-छत्तीस आणि दुसऱ्यावर ५०. शब्द उमटल्यापासून मास्क उमटेपर्यंतचं अंतर मात्र दोन्हींवर सारखंच राहतं, हे ध्यानात ठेवायला हवं. मास्क असलेल्या प्रयोगात त्यामुळे थोडं निभावतं, मास्क नसेल तर मुळीच नाही. जुन्या पेपरातले आकडे उचलून नव्या पडद्यावर तोच प्रयोग करणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

मग स्टोअरमधला सीआरटीच का वापरू नये? मीही लॅबवाल्या काकांकडे किल्ली मागितली होती. काका म्हणाले, "ने की, पण मागचं झाकण उघडायचं नाही. बंद केल्यावरही आत करंट असतो." बरोबरच आहे. त्यात वीसेक हजार व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही काही काळ चार्ज राहतो. पण आम्ही तो नेला नाही, त्याची कारणं वेगळी. वजन, चालू केल्यावर उजेड स्थिर व्हायला लागणारा अर्धा तास, आणि खेड्यात मधेच वीज गेली तर पुन्हा तेवढाच अर्धा तास. शिवाय जवळपास ट्रान्सफॉर्मर किंवा मोठी मोटर असली की आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं चुंबकीय क्षेत्र झोताला ढकलतं आणि ६० हर्ट्झवरचं चित्र सेकंदाला १० वेळा थरथरतं. फॉस्फर म्हातारा झालेला असतो तो वेगळाच. बिघडला तर बदली मिळत नाही, कारण बनवणारे राहिले नाहीत. सोनीने ट्रिनिट्रॉन २००८ मध्ये बंद केली. आपल्या शेजारचीच गोष्ट बघा ना. संभाजीनगरच्या पुढे पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना, मराठवाड्यातल्या किती घरांची चूल त्यावर चालायची. त्या कंपनीने २००५ साली थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, नेमका जग एलसीडीकडे वळत असताना. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. फक्त ट्यूबमुळे गेली असं मी म्हणत नाही, पण वेळ साधली नाही हे खरं. असो. जालन्यात भंगार येतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. सीआरटीची मात्र सळईही होत नाही, काचेत शिसं असतं.

म्हणजे उरला एलसीडी. आणि खोक्यावरचं ते '१ एमएस'.

लिक्विड क्रिस्टलचे रेणू व्होल्टेजने वळतात आणि उजेडाला वाट देतात किंवा अडवतात. व्होल्टेज दिलं की ढकलल्यासारखे वळतात. व्होल्टेज काढलं की आपल्या चालीने, रमत गमत परत येतात. म्हणून एका दिशेचा वेळ आणि दुसऱ्या दिशेचा वेळ सारखा नसतो. शिवाय काळ्यावरून पांढऱ्यावर जाणं वेगळं आणि एका करड्यावरून दुसऱ्या करड्यावर जाणं वेगळं. अशा दोन छटांच्या शेकडो जोड्या होतात. कंपनी त्यातली सगळ्यात पळणारी जोडी निवडते, ओव्हरड्राइव्ह कमाल करते, वर सुरुवातीचा आणि शेवटचा दहा-दहा टक्के भाग मोजत नाही, आणि छापते '१ एमएस'. खोटं नाही ते, पण वर्गातला एक टॉपर दाखवून अख्ख्या वर्गाचा निकाल सांगण्यातला प्रकार आहे. ओव्हरड्राइव्ह जास्त झाला तर पिक्सेल ठरलेल्या छटेच्या पुढे जाऊन परत येतो आणि अक्षराच्या मागे उलट्या रंगाची सावली दिसते. काही खोक्यांवर एमपीआरटी १ एमएस असं असतं, ते तर वेगळंच माप आहे, त्यात बॅकलाइट मधे मधे विझवून हलत्या चित्राची धूसरता कमी करतात. व्हीए पॅनेल काळ्यावरून गडद करड्यावर जाताना फार रेंगाळतं, आयपीएस आणि टीएन त्या मानाने बरी.

आणखी एक गोष्ट पेपरांत वाचली आणि मला आपल्याकडची सकाळ आठवली. थंडीत लिक्विड क्रिस्टल घट्ट होतं आणि हळू वळतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर आणि डिसेंबरच्या सकाळी शाळेच्या फरशीवर पाय ठेववत नाही. सकाळी आठला पहिलं मूल आणि दुपारी दोनला शेवटचं मूल बसवलं, तर पडदा दोघांना सारखाच वागवेल असं नाही. उपाय सोपा आहे, मॉनिटर अर्धा तास आधी चालू करून ठेवायचा. पण माहीत असेल तर ना!

बॅकलाइटचंही एक सांगतो, कारण ते तुम्ही आत्ता रूममध्ये करून बघू शकता. बऱ्याच मॉनिटरमध्ये ब्राइटनेस कमी करायचा म्हणजे दिवा मंद करत नाहीत, तो सेकंदाला शे-दोनशे किंवा जास्त वेळा चालू-बंद करतात, पीडब्ल्यूएम. पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल वेगाने हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. कंगव्याच्या दातांसारख्या तुटक पेन्सिली दिसल्या तर तुमचा पडदा लुकलुकतोय. गाणी ऐकायला काही फरक पडत नाही, पण एकाच पंगतीचं चित्र दाखवायचं असेल तर एकदा त्यात चार ठिणग्या येतील, एकदा तीन. ब्राइटनेस पूर्ण ठेवला की बहुतेक वेळा हे थांबतं. खोक्यावर 'फ्लिकर फ्री' लिहिलेला घ्यावा, पण पेन्सिल खिशात असू द्यावी.

आता उशीर. मॉनिटरच्या आत एक प्रोसेसर बसलेला असतो. तो चित्र घेतो, काहीबाही करतो आणि मग काचेवर सोडतो. या उशिराला इनपुट लॅग म्हणतात, आणि रिस्पॉन्स टाइमशी त्याचा काही संबंध नाही, खोक्यावर तो बहुतेक वेळा छापलेलाही नसतो. तरी एक समाधान आहे. रोज बरोबर वीस मिनिटं उशिरा येणाऱ्या बसचा कुणाला त्रास होत नाही, घरून वीस मिनिटं उशिरा निघायचं. त्रास होतो तो कधी पाच मिनिटं तर कधी पन्नास मिनिटं उशिरा येणाऱ्या बसचा. मॉनिटरचा उशीर ठरलेला असला तर आकड्यातून वजा करता येतो. लहरी असला तर तो मॉनिटर प्रयोगाच्या कामाचा नाही. माझ्या मते सगळ्या निवडीचं मर्म इथेच आहे. हर्ट्झ जास्त की कमी हा नंतरचा प्रश्न.

आणि म्हणूनच भिंतीवरचा टीव्ही बाद. टीव्ही चित्र 'सुधारतो', त्यात शंभर मिलिसेकंदांपर्यंतही उशीर जाऊ शकतो. गेम मोड लावला तर कमी होतो. पण मोशन स्मूथिंग चालू असेल तर टीव्ही दोन चित्रांच्या मधलं, प्रोग्रॅममध्ये नसलेलं चित्र स्वतःच बनवून दाखवतो. 'रात्र' आणि मास्क यांच्या मधलं तिसरंच काहीतरी. चौथीच्या मुलाला आपण विचारणार, काय दिसलं, आणि ते बिचारं खरंच जे दिसलं ते सांगणार.

पैसा असेल तर हा सगळा लेख वाचायची गरज नाही. कॅनडातल्या व्हीपिक्सचा व्ह्यूपिक्स, इंग्लंडमधल्या केंब्रिज रिसर्च सिस्टिम्सचा डिस्प्ले++, हे याच कामासाठी बनवलेले एलसीडी आहेत, पण किंमत विद्यार्थ्याने विचारू नये अशी. ओएलईडीचा पिक्सेल स्वतःच पेटतो आणि मिलिसेकंदाच्या छोट्याशा भागात बदलतो. २०१३ साली सोनीच्या स्टुडिओतल्या ओएलईडी मॉनिटरची तपासणी करून संशोधकांनी तो या कामाला चांगला असल्याचं लिहिलं. आता घरगुती ओएलईडी मॉनिटरही मिळतात. त्यांची खोड अशी की पडद्याचा बराच भाग पांढरा झाला की ते आपोआप उजेड कमी करतात, आणि ते अधिकचं चिन्ह महिनोन्महिने एकाच जागी राहिलं तर तिथे कायमचा डाग पडू शकतो. साध्या एलसीडीच्या बाजूनेही साक्ष आहे बरं का. २०११ मध्ये वांग आणि निकोलिच यांनी सॅमसंगचा २२३३आरझेड हा १२० हर्ट्झचा, बाजारात मिळणारा मॉनिटर मोजला आणि दृष्टीच्या प्रयोगांना पुरेसा नेमका ठरवला. दुसरीकडे एल्झे आणि टॅनर यांनी २०१२ मध्ये एलसीडींच्या खोड्या सविस्तर दाखवल्या. दोघांचं एका गोष्टीवर एकमत दिसतं, छापील आकडा नको, मोजा.

मोजायचं कसं, हे आपल्या ब्रँचच्या पोरांना सांगायला नको, तरी सांगतो. बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, ५ व्होल्ट रिव्हर्स बायस, १०० किलोओहमचा रेझिस्टर, त्यावरचं व्होल्टेज डीएसओला. एवढंच. एलडीआर वापरू नका, उजेड बदलल्यावर त्याला सावरायलाच दहा-वीस मिलिसेकंद आणि कधी त्याहून जास्त लागतात, म्हणजे मोजपट्टीच रबराची. डायोडभोवती काळी चिकटपट्टी लावा आणि खोलीतली ट्यूब बंद करा. चोकवाली ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि ती लाट तुमच्या आलेखात येऊन बसते. डायोड जिथे शब्द येणार तिथेच ठेवा, कोपऱ्यात नको. एलसीडीदेखील वरून खालीच रंगवला जातो, ६० हर्ट्झवर वरची ओळ आणि खालची ओळ यांत जवळजवळ पूर्ण पंगतीचं अंतर पडतं.

डीएसओवर प्रत्येक पडद्याची सही वेगळी दिसते. सीआरटीची साळिंदराच्या काट्यांसारखी, सुटे उभे काटे. एलसीडीची पठारासारखी, दोन्हीकडे उतार. पीडब्ल्यूएमवाल्याची पठारावर कुंपण घातल्यासारखी. लॅबमधला एक जुना ऑफिस मॉनिटर आम्ही मोजला तर त्याचा उतार पुढच्या पंगतीत चांगला आत शिरलेला दिसला, म्हणजे शब्द जायच्या आत मास्क यायला लागलेला. ताई बराच वेळ त्या रेषेकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे ही पोरं दोन्ही एकदम बघणार." अगदी तेच.

नव्यासाठी आम्ही संभाजीनगरला गेलो. लॅपटॉप, ब्रेडबोर्ड, पॉवर बँक आणि माझा फोन. डीएसओ दुकानात नेता येत नाही, म्हणून फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर भागवलं. त्यात एक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची, बारकावे कळत नाहीत पण पंगत चुकते का, बॅकलाइट लुकलुकतो का, हे दिसतं. दुकानदाराने आधी संशयाने बघितलं, मग स्वतःच तीन मॉनिटर काढून दिले आणि पेन्सिलचा खेळ शेजारच्या दुकानदाराला करून दाखवला. शेवटी घेतला तो २४ इंची, आयपीएस, १४४ हर्ट्झचा, बारा हजारांच्या आत. ताईच्या शिष्यवृत्तीतून.

आणि हॉस्टेलमधल्या जाणकारांनी कपाळावर हात मारून घ्यावा अशी गोष्ट म्हणजे तो आम्ही १२० वर चालवतो. १४४ वर एक पंगत ६.९४ मिलिसेकंदांची. सात पंगती म्हणजे ४८.६, आठ म्हणजे ५५.६, ५० कुठेच नाही. १२० वर ८.३३ ची पंगत, सहा पंगती बरोबर ५०, बारा १००, अठरा १५०. मग सरळ ६० वरच का नाही? कारण पंगत चुकलीच तर ६० वर दंड १६.७ चा पडतो, १२० वर निम्मा. आणि मधे कधी २५ किंवा ७५ ची पायरी लागली तर तीही मिळते. फ्रीसिंक बंद, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, इको मोड बंद, ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर, ब्राइटनेस पूर्ण. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा बंद, एकच पडदा चालू, नेट बंद. लॅबमध्ये परत आणून डीएसओवर पाचशे वेळा शब्द दाखवला. पाचशेही वेळा पठाराची रुंदी तीच आणि प्रोग्रॅमच्या हिशेबात चुकलेली पंगत शून्य. उशीर आहे, पण दर वेळी तेवढाच.

मुलं बटण दाबून उत्तर देत नाहीत, तोंडाने सांगतात, म्हणून कीबोर्डचा प्रश्न आला नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये रिअॅक्शन टाइम मोजायचा असेल तर तोही बघा. साधा यूएसबी कीबोर्ड सेकंदाला १२५ वेळा विचारला जातो, म्हणजे ८ मिलिसेकंदांपर्यंतची अनिश्चितता तिथेच. मुलाच्या डोळ्यांचंही तसंच. चष्मा लागलेला असून कुणाला माहीत नसेल तर ५० काय आणि १५० काय. जालन्यात गणपती नेत्रालयामुळे बाहेरच्या जिल्ह्यांतून लोक डोळे दाखवायला येतात, पण आपल्याच जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांची नजर शाळेत येईपर्यंत कुणी तपासलेली नसते. ताईने त्यामुळे आधी अक्षरांच्या तक्त्यावर प्रत्येकाची नजर बघायचं ठरवलं, आणि ज्याला खालच्या ओळी दिसत नाहीत त्याच्या घरी निरोप द्यायचा. हा भाग डिझर्टेशनमध्ये कुठे बसत नाही, पण मला तो आवडला.

तर आता दोन्ही शाळांत एकच मॉनिटर जाणार, एकच लॅपटॉप, पडद्यापासून खुर्चीपर्यंत एकाच मापाची दोरी, आणि वीज गेली तर तासभर निभावेल असा छोटा यूपीएस. मॉनिटर पंचवीसेक वॉट खातो, त्यामुळे ते जमतं. मागच्या बटणांवर चिकटपट्टी लावली आहे, कारण माझ्या रूम पार्टनरने पहिल्याच रात्री तो १४४ वर नेऊन ठेवला होता. फेब्रुवारीपर्यंत त्यावर गेम बंद आहे, विचारायला येऊ नये. फोटोडायोडचं सर्किट मात्र लॅबवाल्या काकांच्या कपाटात वरून तिसऱ्या खणात ठेवलंय. रजिस्टरमध्ये नाव लिहून न्या, आणि आपापला पडदा एकदा मोजून बघा.